तापायला टाकलेली जमीन

नाशिकच्या त्या मोठ्या हॉटेलात शिरताना माझ्या एकटीच्या चपला दारात काढून घेतल्या. "आत नवीन गालिचा आहे," दारावरचा म्हणाला. माझ्या पुढचे-मागचे सगळे बूट घालून आत गेले. मी अनवाणीच आत गेले. गप्प बसायची सवय अंगात मुरलेली.

मी सिन्नरच्या बाजूची. सौर प्रकल्पावर पॅनेल धुवायचं काम करायचे. हॉटेलात गुंतवणूकदारांची परिषद होती आणि कंपनीनं मला 'लाभार्थी' म्हणून नेलं होतं. कंपनीच्या मॅडमनी गाडीतच चिठ्ठी हातात दिली. एकच वाक्य. 'आमच्या पडीक जमिनीचं सोनं झालं.'

"पाठ कर. आणि हसून बोल," त्या म्हणाल्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या.

ती जमीन गायरान होती. कागदावर सरकारची, पण कसली आमच्या बौद्धवाडीनं. आजोबांनी दगड वेचले. माझ्या बापानं, आबांनी, बाजरी घेतली, हुलगे घेतले. सातबाऱ्यावर नाव लागावं म्हणून तहसीलला चकरा मारून मारून आबा थकले. नाव लागलं नाही. मग तारेचं कुंपण आलं. अर्धी जमीन आत गेली, आणि आत मला धुण्याचं काम मिळालं. आपल्याच वावरात शिरताना रोज गेटवर सही करायची. पोटासाठी केली. शरम वाटायची, तरी केली. दिवसाची वीज आली ती विहीरवाल्यांच्या मोटारींना. आम्हाला सातबारा नाही, म्हणून कनेक्शनही नाही.

स्टेजवर एक साहेब बोलत होते. स्वच्छ ऊर्जेचं धोरण, सुरक्षित गुंतवणूक, असं बरंच काही. "जमीन सरकारी, पडीक, वादमुक्त," ते म्हणाले. "माणसांचा प्रश्नच नाही. दुसऱ्या टप्प्यात उरलेलीही घेतोय." मागे पडद्यावर प्रकल्पाच्या आधीचा फोटो आला. नुसती ढेकळं. गवताचं पातं नाही. लोकांनी माना डोलावल्या.

बांधावरची वाकडी बाभूळ दिसली आणि मी ओळखलं. आमचंच वावर. चैत्रात नांगरून आबांनी तापायला टाकलेलं. जमीन उन्हाळाभर तापली की तण मरतं, कीड मरते, मृगाची पेर जोमात येते. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. हे लोक भर उन्हाळ्यात आले, फोटो काढला, खाली लिहून टाकलं, पडीक. एका म्हाताऱ्याची नांगरट यांना ओसाडी वाटली. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

माझं नाव पुकारलं. माइक हातात आला. वाक्य तोंडपाठ होतं.

"ती पडीक नव्हती," मी म्हणाले. "नांगरून तापायला टाकली व्हती. माझ्या बापानं."

दोघं-तिघं हसले. साहेबांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे अतिक्रमण होतं का?"

पडीक नाही म्हटलं की अतिक्रमण. आमच्यासाठी तिसरा शब्द त्यांच्याकडे नव्हताच. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर माइक बंद. "बाई जरा घाबरल्यात," मॅडम हसून सगळ्यांना म्हणाल्या. मी घाबरले नव्हते. आयुष्यात पहिल्यांदाच घाबरले नव्हते.

गाडीत मला घेतलं नाही. दारात चपलाही नव्हत्या. तापलेल्या डांबरावरून स्टँडपर्यंत अनवाणी गेले आणि सिन्नरची एसटी धरली. दुसऱ्या दिवशी गेटवरच्या वहीत माझं नाव नव्हतं.

"कशाला बोलली?" आबा म्हणाले. "काम तरी व्हतं. उरलेलं बी जाणारच हाय. आता नांगरून तरी काय करायचं?"

माझं उन्हाशी भांडण नाही, त्या पॅनेलांशीही नाही. आणि जमीन वाचेल असंही मला वाटत नाही. तलाठी सांगून गेलाय, सगळं वरून ठरलंय. वाडीतले निम्मे लोक आत्ताच कामासाठी कंपनीकडं नाव देऊन बसलेत. त्यांना मी काय बोलू? मीही सही करतच होते.

पण या चैत्रात उरलेल्या वावराची नांगरट होणार. आबांना नाही झेपली तर मी करीन. जमीन तापायला टाकीन. दुसऱ्या टप्प्यासाठी फोटोवाला येईल तेव्हा ढेकळांच्या मधोमध मी उभी असेन, आबांना धरून. तो म्हणेल, बाजूला व्हा. मी होणार नाही. जमीन नेतील. इथं माणूस नव्हता, असं मात्र लिहू देणार नाही.