उंबऱ्यापलीकडून शिकलेली धार

आमच्या घरात सासरा आणि सून समोरासमोर बोलत नाहीत. धुळ्याच्या जुन्या वस्तीत अशी काही घरं अजून आहेत, त्यातलं आमचं एक. मी दिवसभर लॅबमध्ये परक्या माणसांच्या दंडाला पट्टा आवळून रक्त काढते आणि संध्याकाळी घरात शिरताना डोक्यावर पदर घेते. यात काहीतरी चुकतंय हे मला कळतं. पण लग्नाला बावीस वर्षं झाली, आणि कळलेल्या सगळ्याच गोष्टींवर भांडत बसले असते तर स्वयंपाक कधी केला असता?

म्हणून वस्तऱ्याला धार लावायला मी सासऱ्यांकडून शिकले असं सांगितलं, की ऐकणारा आधी हसतो. मग विचारतो, कसं काय?

सासऱ्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. त्यांचं सलून होतं. उजव्या हाताला कंप सुटला तेव्हा सलून बंद झालं, आणि पुढे स्वतःची दाढीसुद्धा करता येईना. नवरा नरडाण्याला कंपनीत कामाला. त्यानं दोनदा पत्तीच्या वस्तऱ्यानं आबांची दाढी केली आणि दोन्ही वेळा आबांच्या गालांवर पुरळ उठलं. दुसऱ्या सलूनमध्ये जायला ते तयार नव्हते. अख्ख्या गल्लीचे गाल ज्यानं गुळगुळीत ठेवले, तो माणूस खुंट वाढवून चौकात चहाला कसा बसणार? त्यांनी बाहेर जाणंच सोडलं. तीन महिने खाट आणि मोरी, एवढंच चालणं. डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, हे असेच पडून राहिले तर पाय कायमचे जातील.

आबांचा स्वतःचा जुना वस्तरा ट्रंकेत होता. तो त्यांच्या कातडीला चालायचा, पण पार बोथट झाला होता. थरथरत्या हातानं धार लागत नाही, आणि नवऱ्याला रक्त नुसतं दिसलं तरी भोवळ येते. मी सासूबाईंना म्हटलं, “द्या इकडे, मी बघते.” मदतीपेक्षा वैताग जास्त होता त्यात.

मग अशी व्यवस्था ठरली. आबा पुढच्या खोलीत खाटेवर. मी स्वयंपाकघरात, ओट्यावर ओलं फडकं आणि त्यावर दगड. मध्ये पडदा, आणि उंबऱ्यात सासूबाई, मांडीवर लसणाचं ताट घेऊन. आबांना माझे हात दिसत नव्हते. ते फक्त ऐकायचे.

“तिले सांग, पाठ उचलू नको.”

सासूबाई मान वळवायच्या. “पाठ उचलू नको म्हनतस.”

मला ते आबा बोलले तेव्हाच ऐकू आलेलं असायचं. पण निरोप पोचल्याशिवाय काही करायचं नाही, हा नियम.

वस्तऱ्याची पाठ आणि धार, दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकलेल्या हव्यात. धार पुढे ठेवून सरकवायचं, टोकाला गेलं की पाठीवरच उलटायचं आणि परत. दाबायचं नाही. माझा हात विळीला सरावलेला, त्यामुळे पाठ आपोआप वर यायची. तसं झालं की आवाज खरखरायचा आणि पडद्यापलीकडून लगेच हुकूम सुटायचा. पाण्याचा थेंब कमी पडला तरी त्यांना कळायचं. मला त्यांचा रागही यायचा आणि कौतुकही वाटायचं, बहुधा एकाच वेळी.

दोन आठवड्यांनी वस्तरा दंडावरची लव काढायला लागला. त्या खुशीत मी माती खाल्ली. लॅबमध्ये वापरलेल्या वस्तूंवर आम्ही हायपोचं, म्हणजे ब्लीचसारखं जंतुनाशक द्रावण ओततो. म्हाताऱ्या माणसाची कातडी, जंतू नकोत, म्हणून मी वस्तरा त्याच द्रावणात रात्रभर बुडवून ठेवला. सकाळी धारेवर काळे डाग आणि बारीक खड्डे. जुनं लोखंड ते, स्टेनलेस थोडंच होतं! सासूबाईंनी वस्तरा आबांच्या हातात दिला. त्यांनी धारेवर अंगठा आडवा फिरवला आणि वस्तरा उशाशी ठेवून दिला. दोन दिवस ते जेवण्यापुरतेच उठले. मला स्वतःची इतकी लाज यापूर्वी कधी वाटली नव्हती.

तिसऱ्या दिवशी पलीकडून आवाज आला, “तिले सांग, पयलेपाईन लाव.”

पहिल्यापासून म्हणजे आधी खरबरीत दगड, खड्डे जाईपर्यंत. मग साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत दगड. मग चामड्याच्या पट्ट्यावर, पाठ पुढे ठेवून. लॅबमधून आल्यावर रोज अर्धा तास, असा एक महिना गेला. शेवटची परीक्षा केसाची होती. “तिले सांग, डोकाना एक केस ले.” लांब केस चिमटीत धरून वरून धारेवर सोडायचा. आपोआप तुटून पडला तर धार लागली. माझे केस अडकायचे, वाकायचे, तुटत नव्हते.

ज्या दिवशी केस तुटला, त्या दिवशी सासूबाई बहिणीकडे नशिराबादला गेल्या होत्या आणि नवरा कामावर होता. अर्धा केस ओट्यावर पडला. पण निरोप द्यायला कोणी नव्हतं. पट्ट्याचा आवाज थांबून बराच वेळ झाला तेव्हा आबांनीच विचारलं, “पडना का?”

“पडला,” मी म्हटलं. बावीस वर्षांत त्यांना दिलेलं ते माझं पहिलं सरळ उत्तर.

“मंग ये.”

दाढी नवऱ्यानं करायची असं ठरलं होतं. पण ते होणार नाही हे आबांना माहीत होतं, आणि मलाही. मी पाणी गरम केलं, फेस केला. आबा खुर्चीवर बसले आणि थरथरणारे हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले. शीर शोधताना ताणते तशी मी गालाची कातडी अंगठ्यानं ताणली. गाल झाले, हनुवटी झाली. गळ्यापाशी आले तेव्हा पदर तिसऱ्यांदा डोळ्यांवर घसरला आणि मी तो मनगटानं वर ढकलला.

आबांनी डोळे उघडले नाहीत. “पदर डोयावर यी राहिना. मांगे कर, माय. मनी मान शे तठे.”

खरंच, धारेखाली मान त्यांची होती. मी पदर खांद्यावरून कमरेला खोचला. डोळ्यांत पाणी आलं, म्हणून थोडं थांबले. हात मात्र हलला नाही. गळा झाला.

दुसऱ्या दिवशी सासूबाई परतल्या तेव्हा खाट रिकामी होती. काठी घेऊन आबा चौकात चहाला गेले होते, दोनदा वाटेत बसत. सासूबाईंनी माझ्या उघड्या डोक्याकडे पाहिलं, आणि पिशवी ठेवायला आत गेल्या.

आठवड्यानं मी पुन्हा दगड मांडला. सासूबाई सवयीनं उंबऱ्यात बसल्या. चार हात मारले असतील नसतील, खाटेवरून आवाज आला.

“पाठ उचलू नको.”

सासूबाईंनी निरोप द्यायला मान वळवली. क्षणभर माझ्याकडे बघितलं, आणि परत लसूण सोलायला लागल्या.

“नाही उचलत, आबा,” मी म्हटलं.