नागपूरच्या उन्हातला हस्की

आमच्या वरच्या मजल्यावरच्या जोडप्याने हस्कीचं पिल्लू आणलं तेव्हा अर्धी सोसायटी त्याच्यासोबत फोटो काढायला खाली उतरली होती. निळे डोळे, करडी-पांढरी दाट लव, झुपकेदार शेपूट. डिसेंबर होता, नागपूरची थंडी त्याला मानवत होती. मीही त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

मी कनिष्ठ महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवायची. निवृत्तीनंतर मिहानच्या उद्योगवसाहतीजवळ या फ्लॅटमध्ये एकटी राहायला आले. वरचे दोघं नवरा-बायको तिशीतले, सकाळी कंपनीत जायचे ते अंधार पडता परत यायचे. मार्चमध्ये पिल्लाचे केस गळायला लागले. सोफ्यावर केस, चादरीवर केस. मग त्याची रवानगी बाल्कनीत झाली. ती बाल्कनी पश्चिमेची. एप्रिलमध्ये दुपारी तिथल्या फरशीवर अनवाणी पाय टेकवत नव्हता.

हस्की फारसा भुंकत नाही, तो हेल काढतो. दुपारभर तो आवाज माझ्या खिडकीतून यायचा. मे महिन्यात एका दुपारी तो यायचाच थांबला, तेव्हा मी घाबरून वर गेले. दाराला कुलूप. संध्याकाळी नवरा आला तेव्हा मी त्याच्या दारातच उभी होते.

"कूलर लावलाय ना त्याला, काकू," तो म्हणाला.

"त्यातलं पाणी बारा वाजताच संपतं. मग गरम हवा फेकतो तो."

"परदेशी ब्रीड आहे. स्ट्राँग असतात हे."

माझं डोकं फिरलं. वर्गात जे शांतपणे शिकवायची ते मी त्या जिन्यात तावातावाने बोलले. म्हटलं, याच्या आज्या-पणज्यांनी सैबेरियाच्या बर्फात माणसांच्या गाड्या ओढल्या, ही लव त्या थंडीसाठी आहे. माणसाला शेती माहीत नव्हती, गाय-बकरी पाळणं माहीत नव्हतं, तेव्हापासून कुत्रा त्याच्याबरोबर आहे. लांडग्यांतले काही जण माणसांच्या वस्तीजवळ घुटमळायला लागले. नेमकं कसं आणि कुठे यावर अभ्यासक अजून भांडतात, पण ते आले आणि राहिले, एवढं खरं. काही ठिकाणी तर जुन्या थडग्यांत माणसाशेजारी कुत्रा पुरलेला सापडलाय. ज्या लोकांकडे स्वतःलाच पुरेसं खायला नव्हतं त्यांनी त्याला आपल्यातला मानला. आणि तुम्ही त्याला तव्यावर ठेवलाय.

तो मोबाईलकडे बघत होता. "बघतो काहीतरी," म्हणाला आणि दार लावलं.

आठवड्याभरात कुत्रा दिसेनासा झाला. मी विचारलं. "काटोलकडे एका मित्राच्या फार्महाऊसवर दिला. मोकळा राहतो आता, मस्त," असं उत्तर मिळालं. मला बरं वाटलं, हे लिहिताना अजून दातओठ खावेसे वाटतात.

काटोलजवळ माझ्या मावसभावाची संत्र्याची बाग आहे. जूनच्या सुरुवातीला त्याचा फोन आला. "ताई, तुले जनावरांतलं समजते म्हणून विचारतो. इकडं लांडगा फिरून राह्यला म्हणतेत लोक. बकऱ्यावाले काठ्या घेऊन फिरून राह्यले. पण मले तो लांडगा वाटत नाही वं. त्याचे डोये निळे हायेत."

मी दुसऱ्याच सकाळी गाडी करून निघाले.

तो बागेत संत्र्याच्या झाडाखाली ओल्या आळ्यात पोट टेकून पडला होता. फासळ्या दिसत होत्या, एक कान फाटला होता, लवीत गोचिड्या आणि काटे. बांधावर तीन-चार माणसं उभी होती. त्यातले एक म्हातारे बाबा म्हणाले, "बाई, जवळ नका जाऊ. चावते तो."

"कोणाला चावला?"

"अजून तं नाही. पण अंगावर येते ना तो. दगड मारला तरी येते."

मी जागीच थांबले. लांडगा असता तर माणूस दिसताच पळाला असता. हा दिसेल त्या माणसाकडे जात होता, म्हणून प्रत्येक दगड त्याला जवळून बसला होता. त्या माणसांवर मी काय रागावणार, त्यांना त्यांच्या बकऱ्यांची काळजी होती. मी खाली बसले. तो पोटावर सरपटत आला आणि माझ्या मांडीवर हनुवटी ठेवली. गळ्यात पट्टा तसाच होता, त्याला हाडाच्या आकाराचा चकचकीत बिल्ला.

मावसभावाने तो बिल्ला हातात घेऊन पाहिला. मग म्हणाला, "इतकं गोजिरं जनावर. काहून सोडलं असंन?"

नागपूरला आल्यावर डॉक्टरांनी कान शिवला, तळवे भाजले होते त्यांना मलम लावलं. मी तशीच वर गेले. फार्महाऊस कोणाचं, कुठल्या मित्राला दिला, ते विचारलं. बायको म्हणाली, "तो सारखा ओरडायचा. आणि काकू, तक्रार घेऊन तर तुम्हीच आला होतात."

मी पोलिसात तक्रार दिली. तिथले हवालदार समजुतीच्या सुरात म्हणाले, "कुत्रा सापडला ना मॅडम? मग आता कशाला वाढवता." सोसायटीच्या बैठकीत विषय काढला, तर अध्यक्षांनी हा त्यांच्या घरचा प्रश्न आहे म्हणून पार्किंगच्या विषयाकडे मोर्चा वळवला. डिसेंबरात फोटो काढणारे सगळे तिथे बसले होते.

कुत्रा आता माझ्याकडे असतो. उन्हाळ्यात त्याला पहाटे फिरवते आणि दिवसभर एसीच्या खोलीत ठेवते. हे शहर त्याच्यासाठी नाही, हे मला कळतं, पण त्याला आता पाठवणार कुठे?

गेल्या महिन्यात पार्किंगमध्ये वरचा नवरा समोर आला. कुत्र्याने त्याला पाहिलं आणि माझ्या हातातली दोरी इतक्या जोरात ओढली की मी पडता पडता वाचले. त्याने पुढचे दोन्ही पाय नवऱ्याच्या छातीवर ठेवले, शेपटी हलवली, रडल्यासारखा आवाज काढत त्याचा चेहरा चाटला. त्या माणसाने त्याची मान खाजवली आणि हसत म्हणाला, "बघा, अजून ओळखतो मला."

त्या माणसाचा राग तर होताच, पण त्या क्षणी मला कुत्र्याचाही राग आला, त्याच्या त्या हजारो वर्षांच्या मुरलेल्या विश्वासाचा राग आला. मी दोरी ओढली. तो यायला तयार नव्हता. शेवटी मी त्याला अक्षरशः ओढत घरी आणला, दार लावलं, एसी सुरू केला आणि तो फरशीवर पाय पसरून निजेपर्यंत खोलीत येरझाऱ्या घालत राहिले.