विचारणारे

सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा मी ढवळत होते. एका पाहुणीनं सहज आडनाव विचारलं. मी सांगितलं. घरमालकीण काकू आल्या आणि माझ्या हातातला कालथा काढून घेतला. "राहू दे, तू बाहेर बस," म्हणाल्या. सगळा शिरा कचऱ्याच्या बिनमध्ये ओतला आणि नव्यानं रवा भाजायला घेतला.

लंडनच्या स्टॅनमोरमधलं घर, दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. वरच्या खोलीत मी भाड्यानं राहत होते आणि इतिहासात पीएच.डी. करत होते. विषय होता अमेरिकेतली कम्युनिस्टांविरुद्धची मोहीम. माणसाला समितीपुढे बसवून विचारायचे, तू कम्युनिस्ट आहेस का? आणखी कोण आहे? नावं सांग. गप्प बसला तर नोकरी गेली.

इतिहासकारांचे यावर दोन तट. एक म्हणतो, भीतीचं राजकारण होतं, निरपराध भरडले गेले. दुसरा म्हणतो, जुनी दप्तरं आता उघडलीत, हेर खरंच होते, मग चौकशीत चुकलं काय? मी दोघांनाही सारखं माप घालत होते. शहाण्या मुलीसारखी.

पूजेची जेवणं झाल्यावर काकांनी बोलावलं. काका फायनान्समधले, वाचणारे. माझ्याशी हौसेनं वाद घालायचे, नेहमी दुसऱ्या तटाकडून. त्या दिवशी वाद नव्हता. माझा नागपूरचा वर्गमित्र लंडनजवळ मेडनहेडला सॉफ्टवेअरमध्ये होता. काकांच्या पुतणीशी त्याचं लग्न ठरत आलं होतं. तो आडनाव लावायचा नाही, वडिलांचं नाव लावायचा. पुतणीला त्यानं सगळं सांगितलं होतं. तिची हरकत नव्हती.

"तुला त्याचं बॅकग्राउंड माहीत असेलच," काका म्हणाले. "तो तुमच्यातलाच का? जस्ट यस ऑर नो. आपल्यातच राहील."

"त्याच्याबद्दल मी काही सांगणार नाही, काका."

ते हसले. "मग कळलंच की."

असल्या साक्षी मी ढिगानं वाचल्या होत्या. गप्प बसला म्हणजे गुन्हेगार, हे टिपणांत लिहूनही ठेवलं होतं. पण त्या खुर्चीत कधी बसले नव्हते.

लग्न मोडलं. मित्राचा फोन आला. "नाही म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं तुझं?"

त्याचा राग खरा होता. त्याचं घर बसता बसता मोडलं होतं. पण मी नाही म्हटलं असतं, तर आपण जे आहोत ते लपवण्यासारखं आहे, हे काकांच्या बैठकीत मीच कबूल केलं असतं. त्याला हे सांगितलं. त्यानं फोन ठेवला. पुन्हा केला नाही.

मी ते घर सोडून इल्फर्डला खोली घेतली. प्रबंधाचं लिहिलेलं प्रकरण फेकून दिलं. माझे गाईड म्हणाले, तुझा बॅलन्स गेला. गेला तर गेला. हेर किती होते ते मोजणारे मोजोत. विचारायचा हक्क कुणी कुणाला दिला, हे मी लिहिणार.

आता कुणी आडनाव विचारलं की मी विचारते, तुम्हाला कशाला हवंय? उत्तर मिळेपर्यंत जागची उठत नाही.