वाढत्या मापाचे कपडे

आमच्या शिवणाच्या बाई वाढत्या मापाचं शिवत नसत. आमच्या सिंदी गावात लेकरांचे कपडे सगळेच जरा ढिले शिवून घेतात, पुढच्या वर्षीही चालावेत म्हणून. बाई ऐकायच्याच नाहीत. "आज पोरगं जेवढं हाय तेवढंच शिवीन. मोठं झालं का घेऊन येजो, आत दुमडलेलं कापड सोडून देईन." गिऱ्हाईक "म्हातारी सटकली" म्हणत पलीकडच्या टेलरकडे जायचं.

बाई जर्मनीतल्या ज्यू. नऊ वर्षांच्या असताना नर्स असलेल्या मावशीबरोबर बोटीनं मुंबईला आल्या. पुढे सिंदीच्या एका मास्तरांशी लग्न केलं आणि इथल्याच झाल्या. दिसायला गोऱ्यापान, बोलायला अस्सल वऱ्हाडी. कुणी नवखा टकमक बघायला लागला की म्हणायच्या, "काऊन रे, मानूस पाह्यला नाई का कधी?"

आठवीत शाळा सुटल्यावर मी त्यांच्या शिवणवर्गात गेले. आज माझ्या हातात जी कला आहे ती त्यांचीच. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "तू शाळा सोडली, का शाळेनं तुले काढलं?" सोडली म्हटल्यावर म्हणाल्या, "मंग ठीक हाय. सोडलेली परत धरता येते."

त्यांना काढलं होतं. नाझींच्या राज्यात ज्यूंच्या मुलांना शाळा बंद, बागेतला बाक बंद. शेजारची मैत्रीण खिडकीतून बघायची, पण हात हलवायची नाही. मग वडील स्वयंपाकघरातच शाळा भरवायचे, रोज हजेरी घ्यायचे. "एकलीच मी. दांडी मारायची सोयच नाई!" बाई हे हसत सांगायच्या आणि हसता हसता दाराकडे बघायच्या. रस्त्यावर बूट वाजले तरी त्यांची कात्री थांबायची. मी जन्माचीच भित्री, मला ते थांबणं कळायचं.

दूर तिरुपूरच्या कपड्यांच्या कारखान्यात काम मिळालं तेव्हा जावं की नाही, मला ठरवता येईना. आई म्हणाली, "करून तर पाह्य. दिवाळीले येजो." निघायच्या आदल्या दिवशी सकाळी बाई घरी आल्या. त्यांनी माझी बॅग उघडली. तळाशी आईनं शिवून घेतलेला नवा ड्रेस होता, चांगला ढिला.

"हे काऊन?"

"वाढतं अंग हाय बाई तिचं," आई म्हणाली.

"पोरगी दिवाळीले येऊन राह्यली ना? मंग एवढं मोठं कशाले?"

बाई खाटेवर बसल्या. "माह्या मायनं बी सांगतलं होतं, उन्हाळ्यात येतो आमी. बोटीवर म्या पेटी उघडली. एक फ्रॉक मापाचा. एक मोठा. एक त्याच्याहून मोठा. तवा समजलं मले."

आईवडील आलेच नाहीत. त्यांना मारून टाकल्याचं बाईंना लढाई संपल्यावर कळलं.

आईनं तो ड्रेस बाईंच्या हातात दिला. बाईंनी तिथंच सुईदोरा मागितला आणि दोन्ही बाजूंनी टाके घालून तो माझ्या मापात आणला. मग म्हणाल्या, "आता जाय."

मी दर दिवाळीला घरी गेले. बाईंना जाऊन आता दोन वर्षं झाली. यंदा सुट्टीचं काही खरं दिसत नाही, सुपरवायझर नीट बोलतच नाही. आई रोज फोनवर विचारते, मी "येतो" म्हणते. बाईंच्या आईनंही असंच म्हटलं होतं. "खोटं नोती बोलली ते," बाई सांगायच्या, "तिले यायचंच होतं."

काल मी तिकीट काढलं. सुट्टीचं मागाहून बघू.