बाबांच्या खोलीतला वास

पडदेवाल्या काकूंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस त्या गल्लीत शोधून सापडलं नसतं. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, भिंतीला टेकवलेले कापडाचे तागे, गळ्यात मापाची टेप आणि तोंडात धरलेल्या टाचण्यांमुळे निम्मं बोलणं नाकातून. टाचण्या काढून खाली ठेवल्या की मात्र समोरच्याने जपून राहावं, असं गिऱ्हाइकांत बोललं जायचं.

ही कला त्यांना सासऱ्यांनी दिली. लग्न होऊन आल्या तेव्हा काकूंना साधं बटण लावता येत नव्हतं. सासऱ्यांचं, म्हणजे बाबांचं, गल्लीच्या तोंडाशी पँट शिवायचं दुकान होतं. त्यांनी सुनेला मशीनवर बसवलं आणि कितीतरी महिने नुसत्या सरळ शिलाया मारायला लावल्या. शिलाई वाकडी गेली की स्वतः उसवायचे आणि कापड परत तिच्या हातात द्यायचे. "सूनबाई, कापड रागावत नाही. परत मार." पुढे त्यांची नजर अधू झाली, दुकान बंद झालं, मशीन घरात आलं आणि पँटच्या जागी पडदे आले.

बाबा भारी टापटिपीचे. दोन वेळा अंघोळ, शर्टाला कडक इस्त्री, नखं कायम कापलेली. न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं आणि ते मागच्या खोलीतल्या पलंगावर आले, तरी रोजची दाढी चुकली नाही. काकू त्यांचं अंग पुसायच्या, चादरी बदलायच्या, भांडं उचलायच्या. काकूंना त्याचं काही वाटत नव्हतं. वाटायचं ते बाबांनाच.

"तुझ्या हाताला काय काय लावतोय मी," ते भिंतीकडे बघत म्हणायचे.

"माझ्या वाकड्या शिलाया उसवताना तुम्ही काही बोललात का? मग आता गप पडा," काकू म्हणायच्या.

त्या खोलीची बाहेरची भिंत पश्चिमेला होती. दुपारनंतर भिंतीला हात लावला तरी चटका बसायचा. उन्हाळ्यात बाबांच्या पाठीला फोड आले. खोली थंड ठेवा, नाहीतर जखमा होतील, असं डॉक्टरांनी बजावलं. काकूंचे यजमान एका गोदामात हिशेबनीस होते. भांडणाची चाहूल लागली की त्यांना नेमकं बाहेर काहीतरी काम आठवायचं, असा एकूण स्वभाव. त्यांनी गोदामात एसी बसवलेला एक कंत्राटदार घरी आणला.

कंत्राटदार अत्तर लावून आला. दोन हातांत दोन फोन आणि तोंडात सारखं "वहिनी, वहिनी". "वहिनी, तुम्ही फक्त चहा ठेवा. बाकी टेन्शन माझं. एक पाइप डोळ्यांना दिसणार नाही. सगळं भिंतीच्या पोटात. बाबा आमचे राजासारखे झोपतील." असं म्हणत त्याने बाबांच्या पायावर थोपटलं, ते नेमकं मोडलेल्या बाजूच्या. बाबा कळवळले. ते त्याला दिसलंही नाही.

माणसं आली, भिंत फोडली, पाइप घातले, भिंत लिंपली, रंगाचा हात मारला. एसी सुरू झाला आणि बाबा खरोखरच गाढ झोपले. पाठीचे फोड सुकायला लागले. काकूंनी कंत्राटदाराला मनापासून दुवा दिला.

तो दुवा त्यांना पुढे गिळवेना.

कारण थोड्याच दिवसांत वास सुरू झाला. आधी वाटलं, कपाटामागे उंदीर मेला असेल. कपाट सरकवलं, उंदीर नव्हता. मग वाटलं, गादी. गादी उन्हात टाकली, उशांच्या खोळी उकळल्या, फरशी फिनेलने पुसली, पलंगाचे पाय घासले. वास जाईना. अंडं नासावं, त्यात तुंबलेली मोरी मिसळावी, आणि कोणीतरी ते गार करून तोंडावर फुंकावं, तसा तो वास होता. जिभेवर बसायचा. पाणी प्यायलं तरी घशात राहायचा. काकू जेवणाचं ताट घेऊन पुढच्या खोलीत बसायला लागल्या, आणि तिथेही तोंडाशी नेलेला घास परत ताटात ठेवायच्या. सगळं धुऊन झाल्यावर धुवायचं राहिलं ते एकच. त्या बाबांना दिवसातून तीन-तीनदा पुसायला लागल्या. साबण जरा जास्त, हात जरा जोरात. बाबा तोंड भिंतीकडे फिरवायचे.

अशात एका गिऱ्हाईक बाईंनी नवे पडदे परत आणून दिले. "काकू, रागावू नका हं. शिवण छान आहे. पण लावले आणि सगळ्या हॉलमध्ये कसलातरी... तुम्हीच बघा हुंगून." काकूंनी पडदा नाकाशी धरला. अस्तरापर्यंत तोच वास मुरला होता. इतक्या वर्षांत त्यांचं काम कधी परत आलं नव्हतं. लाजेने त्यांचे कान तापले.

त्यांनी कंत्राटदाराला फोन केला. पाच-सहा फोनांनंतर त्याचा एक माणूस आला, एसीच्या जाळीवर गुलाबाच्या वासाचा फवारा मारून गेला. दुसऱ्या दिवशी खोलीत गुलाब कुजल्यासारखं झालं. काकूंनी पुन्हा फोन लावले, शेवटी गोदामात निरोप ठेवला, तेव्हा कंत्राटदार स्वतः आला. खोलीच्या दारातच थांबला, रुमाल काढला, पलंगाकडे पाहिलं आणि मान हलवली.

"मॅडम, वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला. 'वहिनी' कधीच मागे पडलं होतं. "घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे. वास येणारच. दारं-खिडक्या बंद झाल्या, म्हणून आता कळतोय इतकंच. माझं मशीन हवा थंड करतं. माणसाला काय करणार?"

हे तो बाबांपासून चार हातांवर उभा राहून बोलला. बाबांचे डोळे मिटलेले होते. काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते फरशीचे सांधे निरखत होते.

कंत्राटदार गेल्यावर काकू फणकारल्या, "तुम्ही एक शब्द बोलला नाहीत."

"काय बोलणार?" ते हळूच म्हणाले. "आता खोटं तरी कसं म्हणायचं?"

काकूंना त्यांची किळस आली. आणि त्याहून जास्त स्वतःची, कारण मनातल्या मनात त्यांनीही तेच धरून ठेवलं होतं.

त्यानंतर बाबांचं जेवण तुटलं. "भूक नाही," म्हणायचे. दूध अर्धं ठेवायचे. पाणी नुसतं ओठाला लावायचे. सारखं पडून असल्यामुळे असेल, असं काकूंना वाटलं. मग एकदा उशी झटकताना खालून रुमालात बांधलेले पावाचे तुकडे निघाले. काही वाळलेले, काही बुरशी आलेले.

"हे काय, बाबा?"

बाबांनी रुमाल मुठीत ओढून घेतला. मग म्हणाले, "खाल्लं की पुढचं सगळं आलं. आत कमी गेलं तर वासही कमी येईल, म्हटलं. तुझं काम परत आलं ना माझ्यामुळे. मी ऐकलं."

काकू न्हाणीघरात गेल्या, नळ सोडला आणि त्या आवाजात रडून घेतलं.

पण उशीर झाला होता. दोन दिवसांनी बाबांना ग्लानी आली. अंगातलं पाणी कमी झालंय, म्हणून त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. सलाईन लावलं. यजमान तिथे थांबले आणि काकू कपडे घ्यायला घरी आल्या. मागची खोली रिकामी होती. पलंगावर गादी नव्हती, चादर नव्हती, माणूस नव्हतं. फरशी सकाळीच धुतलेली. काकूंनी सवयीने एसी चालू केला आणि त्या कपाटातून शर्ट काढायला लागल्या.

वास भसकन आला. आजवर कधी नव्हता इतका. त्या शर्ट हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मग खुर्ची ओढली, वर चढल्या आणि एसीच्या तोंडाशी नाक नेलं. खाली उतरून त्यांनी मोरी गाठली, ओकल्या, चूळ भरली आणि फोन उचलला.

"ताबडतोब या," त्या कंत्राटदाराला म्हणाल्या. "नाही आलात, तर तुम्ही काम करताय त्या प्रत्येक घरी मी येते."

तो आला. काकूंनी त्याला रिकाम्या खोलीत नेलं, एसी लावला आणि दार बंद करून दाराला पाठ टेकवून उभ्या राहिल्या. "घ्या श्वास. माणूस दवाखान्यात आहे. आता सांगा वास कोणाचा."

कंत्राटदाराने रुमाल नाकाला लावला. डोळ्यांत पाणी आलं. आणि रुमालाच्या आडूनच म्हणाला, "मला तर काही येत नाही, मॅडम."

काकूंनी दार उघडलं. कोपऱ्यावरच्या गवंड्याला त्यांनी आधीच बोलावून ठेवलं होतं. त्याने कंत्राटदारासमोर भिंत फोडली. एसीचं पाणी वाहून नेणारा पाइप बाहेरच्या भिंतीतून अंगणात काढायचा असतो. तो इथे पलीकडच्या संडासाच्या मैल्याच्या पाइपात भोक पाडून खुपसला होता. सांध्याभोवती सिमेंटच्या गोणीचा तुकडा कोंबला होता. तो काळा, ओला, बुळबुळीत झाला होता. गवंड्याने तो पक्कडीने ओढला, तशा त्यातून अळ्या खाली पडल्या. गवंडी दोन पावलं मागे सरला. "अरे देवा, हे तर गटार फुंकत होतं घरात," तो म्हणाला.

"कामाची माणसं बदलत असतात," कंत्राटदार म्हणाला. "मी काय प्रत्येक भिंतीत शिरून बघू? बरं, सांधा बदलून देतो. वर एक सर्व्हिस फुकट."

"तुमचा हात आता माझ्या भिंतीला लागायला नको. दुसरा माणूस बघते मी," काकू म्हणाल्या. "तुम्ही एकच करायचं. बाबा घरी आले की त्यांच्यासमोर उभं राहून सांगायचं, की वास तुमच्या कामाचा होता."

"एवढंच ना?" त्याला हसू आलं. सुटल्याचं हसू.

बाबा घरी आले तोवर पाइप नीट बाहेर काढून झाला होता आणि खोलीत ओल्या सिमेंटशिवाय कसलाही वास नव्हता. कंत्राटदार केळी घेऊन आला, तसाच अत्तर लावून. पलंगाशी वाकला आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसा ओरडून म्हणाला, "बाबा! तो घाण वास तुमचा नव्हता बरं का! आमचा पाइप चुकला! तुम्ही बिनधास्त खा-प्या!" आणि खो खो हसला.

बाबांनी त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "कसला वास?" त्यांनी विचारलं. "मला तर काही माहीत नाही."

त्यांची मान ताठ होती आणि चादर त्यांनी गळ्यापर्यंत ओढून घेतली होती. माफी मागायला लावून आपण बाबांना पुन्हा एकदा उघडं पाडलं, हे काकूंना तेव्हा कळलं. त्यांनी केळ्यांची पिशवी उचलून कंत्राटदाराच्या हातात परत दिली आणि दाराकडे बोट केलं. त्यांचे यजमान खुर्चीतून उठले. "निघा तुम्ही," ते म्हणाले. आवाज बारीक होता, पण बोलले.

खोली स्वच्छ झाली तरी बाबांच्या मनातून ते जाईना. काकू आत आल्या की ते नाकपुड्या फुगवून आधी स्वतः हुंगायचे. घास चिवडायचे. मग काकूंनी आपलं ताट मागच्या खोलीत न्यायला सुरुवात केली. पलंगाच्या कडेला स्टूल ओढायच्या, तिथेच जेवायच्या, पुन्हा वाढून घ्यायच्या, बोटं चाटायच्या. काही समजावलं नाही. बाबा बघत राहायचे. हळूहळू त्यांच्या वाटीतला भात संपायला लागला. यजमानही ताट घेऊन तिथे यायला लागले.

पावसाळा संपल्यावर काकू एका नव्या घरात खिडक्यांची मापं घ्यायला गेल्या, तर कंत्राटदार तिथे हजर. भिंत फोडायचं काम चाललं होतं. "अरे, वहिनी!" तो म्हणाला आणि त्यांना बाजूला घेऊन कार्ड पुढे केलं. "तुम्ही इतक्या घरांत फिरता. एसीचं गिऱ्हाईक पाठवा. प्रत्येक कामामागे तुमचं काहीतरी बघू. झालं गेलं विसरा."

कार्डालाही अत्तर होतं. काकूंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या, घरमालकीणबाईंना हाक मारली आणि कंत्राटदारासमोरच सगळं सांगितलं. पाइप, गोणी, अळ्या, पावाचे तुकडे. काही गाळलं नाही. बाईंनी पदर नाकाशी नेला. कंत्राटदार म्हणाला, "काही लोक एकच गोष्ट धरून बसतात, ताई." बाई कधी त्याच्याकडे, कधी काकूंकडे बघत राहिल्या.

बाईंनी त्याला काम दिलं की काढलं, ते काकूंना कळलं नाही. पडद्यांचं काम मात्र दुसऱ्या दुकानाला गेलं. असल्या गोष्टी घरात येऊन सांगणारी बाई नको, असं त्या कोणाजवळ तरी म्हणाल्याचं काकूंच्या कानावर आलं. काकूंनी त्या मापांचा कागद फाडला, टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या आणि मशीनवर बसल्या.