हलायची परवानगी

नाशिकला भावाकडे गेले तेव्हा कडाक्याची थंडी होती. त्याची पाच वर्षांची सई स्वयंपाकघरापासून बाल्कनीपर्यंत धावत होती. भाऊ सोफ्यावरून खेकसला, "एका जागी बस! घाम आला की सर्दी होईल."

ती बसली. मग त्यानेच मोबाइल लावला. पडद्यावरची बाई म्हणाली, "मुलांनो, दहा उड्या मारा."

"बघ, घरातल्या घरात व्यायाम!" भाऊ मला म्हणाला.

असल्या शहाण्यांची मला किळस येते. पोराच्या अंगातली धाव आधी मोडायची आणि मग तीच पडद्याकडून उसनी आणायची.

मी मोबाइल बंद केला, फरशीवर उशा मांडल्या. "सई, चल, उड्या मारत नदी ओलांडू."

ती उठली नाही. बापाकडे बघत तिने हळूच विचारलं, "बाबा, हलू का?"