बंदीतली बोट

श्रीवर्धनात बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा हा माझा दोस्त संध्याकाळी हात रॉकेलने धुऊन माझ्याकडे व्हिडिओ गेम खेळायला येतो. आधी कंट्रोलर पंच्याने पुसतो, मगच हातात घेतो. मी नवीन गेम आणला की दहा मिनिटांत निकाल देतो. गाड्यांच्या शर्यतीवर म्हणाला, "एक खड्डा न्हाय, मास्तर. ही गाडी म्हसळ्यापर्यंत पोचायची न्हाय." तलवारबाजीचा गेम त्याने "हा माणूस जेवतो कधी?" एवढं विचारून बंद केला. मासेमारीचा गेम तेवढा आवडला, पण त्यातही खोट काढलीच. "समुद्र बरा काढलाय, पण वारा न्हाय."

जूनमध्ये मासेमारीची बंदी लागली. त्या संध्याकाळी त्याने गेममधली बोट तोंड समुद्राकडे करून धक्क्याला बांधली आणि कंट्रोलर खाली ठेवला.

"अरे बाबा, हा खेळ आहे!"

"असू दे. माशांच्या पोटात आता गाबोळी असते, अंडी घालायचे दिस हायेत."

बंदी उठेपर्यंत फुटबॉलचा गेम खेळायचं ठरलं. मला दम निघेना. एका रविवारी दुपारी मी एकट्यानेच बोट काढली, चांगली लांबलचक सुरमई धरली आणि बोट होती तिथे आणून बांधली.

संध्याकाळी त्याने सहज मासेमारीचा गेम लावला आणि थबकला. "तोंड गावाकडं कसं झालं?"

"वाऱ्याने फिरली असेल," मी म्हणालो.

त्याने कंट्रोलर खाली ठेवला.

"ह्या खेळात वारा न्हाय, मास्तर," म्हणाला आणि चहा न घेताच उठला.